गंजलेल्या फाटकाचा पक्षी

मार्चच्या मध्याला मी लेकीकडे न्यू जर्सीत, एडिसनला पोचले तेव्हा मागच्या अंगणात कडेकडेनं बर्फ होता. झोपेचं गणित बसायचं होतं, पहाटे चारलाच डोळे उघडायचे. घर गाढ झोपलेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन बसायचं आणि उजाडायची वाट बघायची, एवढाच उद्योग. तिसऱ्या की चौथ्या दिवशी फटफटताना आवाज आला. कुणीतरी लोखंडी फाटक सावकाश ढकलतंय आणि बिजागरी गंजलेली आहे, असा. आधी किर्रर्र, मग शेवटी बारीकशी शीळ. जावयांना म्हटलं, बाजूच्या फाटकाला जरा तेल द्या. त्यांनी त्याच संध्याकाळी दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा किर्रर्र. मग लक्षात आलं, आवाज फाटकाचा नाहीच. तो वरून येतोय, ओकच्या उघड्या फांदीवरून.

फांदीवर काळा पक्षी बसला होता. कावळ्याहून लहान, साळुंकीहून चांगला मोठा, शेपटी लांब. आवाज काढायच्या आधी तो सगळं अंग फुलवायचा, पंख अर्धे उघडायचा, शेपूट पसरायचा, आणि एवढी तयारी करून बाहेर पडायची ती बिजागरी.

मी छत्तीस वर्षं बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षिका होते. चौथीच्या मुलांना परिसर अभ्यास शिकवताना मी त्यांना एक सवय लावायची. पक्षी दिसला की नाव विचारायचं नाही, आधी पाच गोष्टी सांगायच्या: केवढा, चोच कशी, शेपटी कशी, चालतो की उड्या मारतो, आणि काय खातो. नाव मिळालं की बघणं थांबतं, हा माझा अनुभव आहे. लेक म्हणाली, "आई, फोनवर ॲप आहे, फोटो काढ, लगेच सांगतं." म्हटलं, आठ दिवस थांब. नातीच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली आणि लिहायला बसले.

पहिल्या पानावर मी "कोतवाल?" असं लिहिलंय. आपल्याकडे तारेवर बसणारा काळाभोर म्हणजे कोतवाल, हात आपोआप तिकडेच गेला. पण कोतवालाची शेपटी टोकाला दुभंगलेली, माशाच्या शेपटीसारखी. आणि कोतवाल जमिनीवर फिरत बसत नाही, तारेवरून सूर मारून किडा उचलतो आणि परत तारेवर. हा तर गवतातून चालत होता. चिमणीसारखा टुणटुण नाही, एकामागून एक पाऊल टाकत, मान ताठ, शेताची पाहणी करणाऱ्या माणसासारखा. कोकिळ नर म्हणावा तर त्याचा डोळा लाल आणि चोच फिकट हिरवी. तोही गेला.

मग इथले काळे पक्षी. अंगणात आणखी दोन-तीन प्रकारचे येत होते, त्यांनी माझा चांगलाच गोंधळ केला. एक आखूड शेपटीचा, पिवळ्या चोचीचा, अंगभर बारीक ठिपके. हा स्टार्लिंग, आपल्या साळुंकीच्या कुळातला. तो मुळात इथला नाही. १८९० मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपातून आणलेले साठ स्टार्लिंग सोडले, दुसऱ्या वर्षी आणखी काही, आणि आज ते सगळ्या खंडभर आहेत. लेकीच्या घरापासून सेंट्रल पार्क गाडीनं तासा-दीड तासावर. दुसरा, खांद्यावर लालभडक पट्टा असलेला, पाणथळ जागी बोरूवर बसून ओरडणारा. तो फक्त जवळच्या तळ्याशी दिसला, अंगणात क्वचित. तिसऱ्याचं अंग काळं आणि डोकं तपकिरी, चोच दाणे खाणाऱ्या पक्ष्यासारखी जाड. ही काऊबर्ड, आपल्या कोकिळेसारखी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकणारी.

माझ्या पक्ष्याची चोच लांब आणि मजबूत होती, पायही लांब. आणि शेपटी! उडताना ती सपाट राहत नव्हती, मधून दुमडल्यासारखी खोलगट व्हायची, कौलारू घराच्या पन्हळीसारखी. मागून बघितली की इंग्रजी व्ही दिसायचा. वहीत या पन्हळीखाली मी दोन रेघा ओढल्यात, कारण त्यानंतर तो मला आकाशात लांबूनही ओळखू यायला लागला.

सहाव्या दिवशी ऊन पडलं. तोपर्यंत मी त्याला काळा म्हणत होते. तो डेकच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याच्या, कठड्यावर येऊन बसला, काचेपासून चार-पाच फुटांवर. मी हातातला कप खाली ठेवायचंही विसरले. डोकं आणि मान गडद निळी, त्यात जांभळी झाक. मान वळवली की तोच निळा हिरव्याकडे सरकायचा. मानेखाली रंग एकदम बदलून पाठ सगळी पितळी, देव घासायच्या आधीच्या पितळेसारखी, मातकट सोनेरी. धूपछाव पैठणीला दोन रंगांचे धागे असतात, बाई चालली की रंग हलतो, अगदी तसं. आणि एवढ्या सगळ्यात डोळा फिक्कट पिवळा, मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढा, मध्ये काळा ठिपका. ढग आला आणि सगळं विझलं. पुन्हा काळा.

हा रंग शाईसारखा पिसात मुरलेला नसतो. पिसाच्या आत काळ्या द्रव्याचे सूक्ष्म थर एका ठरावीक रचनेत असतात, त्यांवरून उजेड परततो तेव्हा काही रंग उठून दिसतात आणि कोन बदलला की रंगही बदलतो. साबणाच्या फुग्यावर दिसतात ते रंग आणि हे एकाच जातीचे. शाळेत असते तर मुलांना साबणाचं पाणी करून दाखवलं असतं. इथे नातीला दाखवलं.

आठव्या दिवशी वही तिच्यापुढे ठेवली. आठ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, बोलताना मध्येच अडते. तिनं माझ्या खुणा वाचून आईच्या फोनवर कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन ॲप उघडलं, त्यानं विचारलेल्या आकाराच्या, रंगाच्या प्रश्नांना वहीतून उत्तरं दिली, आणि म्हणाली, "आजी, कॉमन ग्रॅकल." आवाज लावला. बिजागरी वाजली, आणि बाहेर ओकवर बसलेल्यानं मान वाकडी करून ऐकलं.

नाव कळल्यावर मात्र मी वाचत सुटले. इथे लोक याला ब्लॅकबर्ड म्हणतात, पण युरोपातला ब्लॅकबर्ड निराळा, तो कस्तुराच्या कुळातला. महाबळेश्वरला पावसाळ्यात गोड शीळ घालणारा आपला कस्तुर त्याचा सख्खा नातेवाईक. आणि गंमत अशी की एडिसनच्या या अंगणात त्या कुळाचा प्रतिनिधी होता तो तांबूस छातीचा रॉबिन, काळा नव्हेच. ग्रॅकलचं कूळ फक्त अमेरिका खंडांतलं. टेक्ससमधल्या आपल्या लोकांना दुकानांच्या पार्किंगमध्ये जो प्रचंड शेपटीचा काळा पक्षी दिसतो, तो याचाच मोठा भाऊ. पण मला सगळ्यात आवडली ती ही गोष्ट: १७५८ मध्ये लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा त्यानं याला आपल्या डोंगरी मैनेच्याच प्रजातीत घातलं होतं, ग्रॅक्युला म्हणून. पुढे ती चूक दुरुस्त झाली. म्हणजे या पक्ष्याकडे बघून मैना-साळुंकी आठवणारी मी पहिली नाही.

एप्रिलमध्ये कुंपणालगतच्या स्प्रूसच्या दाट झाडांत घरटी सुरू झाली. एक नाही, शेजारी शेजारी तीन. हे पक्षी वस्ती करून राहतात. काड्या, वाळलं गवत आणि चिखल वाहून नेताना मला मादीच जास्त दिसली. ती नराहून लहान, चमक कमी, शेपटीही कमी दुमडलेली. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एका घरट्याची कड दिसायची. अंड्यांवर तीच बसते, दोन आठवडे. काही नर या दिवसांत मादीला सोडून निघून जातात, असं वाचलं होतं. आमच्या या घरट्याचा मात्र टिकला, पिल्लं निघाल्यावर दोघंही चोचीत अळ्या घेऊन यायची.

शेजारच्या बाईंशी माझी ओळख याच पक्ष्यांवरून झाली. त्यांच्या अंगणात पक्ष्यांना पाणी प्यायला सुंदर दगडी परात आहे. त्यात रोज सकाळी पांढऱ्या पिशव्या तरंगायच्या, त्या वैतागून गेल्या होत्या. पिल्लांची विष्ठा एका पातळ पापुद्र्यात बांधलेली येते, आई-बाप ती उचलून घरट्यापासून लांब टाकतात. खूप पक्षी हे करतात. ग्रॅकल ती पाण्यात नेऊन टाकतो, मग पाणी ओढ्याचं असो की कुणाच्या पोहण्याच्या तलावाचं. घरट्याखाली खूण राहू नये, यासाठी ही पद्धत चांगलीच. बाईंना लेकीनं समजावून सांगितलं. त्यांचा राग गेला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्या परात दुपारी धुवायला लागल्या, सकाळी नाही.

त्यांची खरी तक्रार पक्ष्यांसाठी ठेवलेल्या दाण्यांची होती. ग्रॅकल थव्यानं येऊन सूर्यफुलाचं बी फस्त करायचे आणि लाल कार्डिनल पक्षी कोपऱ्यात थांबून राहायचा. उपाय म्हणून त्यांनी दुसरं बी आणलं, ग्रॅकलला ते सहसा आवडत नाही आणि कार्डिनल आवडीनं खातो म्हणून. मला ओंजळीत घेऊन दाखवलं. पांढरं, गुळगुळीत, एका टोकाला निमुळतं. मी बघतच राहिले. करडई! आमच्या रानात ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी असायच्या. काटेरी, म्हणून जनावर आत घुसायचं नाही. कोवळी असताना भाजी करायची, पुढे तेल. राखणीसाठी लावलेलं ते पीक सात समुद्रांपलीकडे पुन्हा राखणीच्याच कामाला लागलेलं बघून मला भरून आलं. त्या बाईंना यातलं काही सांगता आलं नाही, माझं इंग्रजी तेवढं नाही. नुसता त्यांचा हात दाबला.

आणि तिथून मला भोरड्या आठवल्या.

आमच्याकडे रब्बीची ज्वारी भरायला लागली की भोरड्यांचे थवे उतरायचे. पुस्तकात त्यांना पळसमैना म्हणतात. मध्य आशियातून, त्याच्याही पलीकडून हिवाळ्याला येतात, हजारांनी. आकाशात थवा वळायचा तेव्हा चादर झटकल्यासारखा दिसायचा. पण वडलांना त्यात शोभा दिसत नव्हती, दिसत होतं ते कणीस. आम्ही भावंडं मचाणावर बसून डबे वाजवायचो, वडील गोफण फिरवायचे. एका थंडीत, मी नऊ-दहा वर्षांची असेन, गोफणीच्या गुंड्याला एक भोरडी लागली आणि सरीत पडली. मी धावत गेले. तोपर्यंत भोरडी म्हणजे माझ्या लेखी लांबून दिसणारे काळे ठिपके, आणि घरातलं नुकसान. हातात घेतली तर पाठ आणि पोट फिकट गुलाबी, मान-डोकं काळं, आणि त्या काळ्यावर जांभळी तकाकी. डोक्यावर मागे झुकलेला तुरा. छाती इतकी जोरात उडत होती की माझा तळहात हलत होता. वडील आले, बघितलं, काही बोलले नाहीत. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तिला झाकून करडईच्या ओळीत सावलीला ठेवलं. थोड्या वेळानं जाऊन बघितलं तर जागा रिकामी होती. उडाली की मांजरानं नेली, मला आजही माहीत नाही. त्यानंतरही वडील गोफण मारायचे, ज्वारी सोडून देणं परवडणारं नव्हतं. पण गुंडा थव्याच्या वरून जाईल असा मारायचे.

कठड्यावरच्या त्या ग्रॅकलच्या मानेवर मला तीच जांभळी तकाकी दिसली होती. पन्नास-पंचावन्न वर्षांनी.

इथल्या शेतकऱ्याचंही गाऱ्हाणं तेच आहे, फक्त ज्वारीच्या जागी मका. ग्रॅकल कोवळा कोंब उपटतात, पुढे कणसंही सोलतात. हिवाळ्यात दक्षिणेकडे स्टार्लिंग, काऊबर्ड, लाल खांद्यावाले आणि हे, सगळे मिळून एकेका ठिकाणी लाखांनी रात्र काढतात. १९१८ च्या कायद्यानं इथले स्थलांतरी पक्षी राखलेले आहेत, पण पिकाचं नुकसान होत असेल तर ग्रॅकलसारख्या पक्ष्यांना मारायची सवलतही नियमांत ठेवलेली आहे. शेतकऱ्याची बाजू मी नाकारणार नाही, मी त्याच घरातली आहे. पण एवढे लाखांनी दिसणारे पक्षी कमी होत चाललेत, हे मला वाचूनही खरं वाटेना. १९६६ पासून इथे दर उन्हाळ्यात पक्षी मोजतात. हौशी माणसं ठरलेल्या रस्त्यानं पहाटे निघतात, पन्नास ठिकाणी थांबतात, प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटं ऐकतात, बघतात, लिहितात. या मोजणीत ग्रॅकल निम्म्याहून जास्त घटलेत. कुठल्या जीवाला किती धोका आहे हे सांगणाऱ्या जागतिक यादीत २०१८ मध्ये त्यांचं नाव धोक्याच्या अलीकडच्या पायरीवर गेलं. ज्याच्या नावातच "कॉमन" आहे त्याचं.

मे महिन्यात एक वाईट सकाळ आली. रॉबिनचं घरटं डेकखालच्या तुळईवर होतं, नात रोज चोरपावलांनी बघायची. त्या दिवशी ग्रॅकल खालून बाहेर आला तो चोचीत पिल्लू घेऊनच. रॉबिन जोडी मागे लागली, किंचाळली, उपयोग झाला नाही. नात ढसाढसा रडली. म्हणाली, "आजी, तो वाईट आहे. वहीत लिही." मी तिला भारद्वाजाची गोष्ट सांगितली. तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा भारद्वाज दिसला की आमच्याकडे दिवस चांगला जाणार म्हणतात, बायका हात जोडतात. आणि तोच भारद्वाज बुलबुलाच्या घरट्यातली अंडी, पिल्लं खातो, मी डोळ्यांनी बघितलंय. ती ऐकत होती, पटलं नाही. मग आम्ही वहीत नुसतं झालं ते लिहिलं: तारीख, वेळ, रॉबिनचं एक पिल्लू. वाईट हा शब्द तिनं तिच्या अक्षरात कडेला लिहिला. तो मी खोडला नाही.

जूनमध्ये पिल्लं बाहेर पडली. मळकट तपकिरी, चमक नाही, डोळेही तपकिरी. आईच्या मागे पंख थरथरवत फिरायची. जुलैत लोणच्यासाठी लिंबं पिळली, सालं डेकवर राहिली, तर एका ग्रॅकलनं साल चोचीत धरून पंखाखाली, छातीवर घासली, पुन्हा पुन्हा, डोळे अर्धे मिटून. हे मुंग्यांनीही करतात. मुंगी चिरडून पिसांना चोळतात, तिच्या अंगातल्या आम्लासाठी. अंगावरचे किडे त्यानं पळत असावेत असं मानतात. कोरडा पाव पाण्यात बुडवून मऊ करून खातानाही पाहिला. माझ्या सासूबाई दात गेल्यावर भाकरी दुधात अशीच भिजवून ठेवायच्या.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, माझं निघायचं आठ दिवसांवर आलं होतं, ओकची फळं पडायला लागली. टोपी घातलेल्या हिरवट सुपाऱ्या म्हणा ना. ग्रॅकल आता कुटुंबानं नाही, थव्यानं यायचे, सगळं गवत काळं व्हायचं. एक नर डेकच्या पायरीशी आला. त्यानं एक फळ उचललं, चोचीच्या मुळाशी आडवं धरलं आणि दाबत दाबत फिरवायला लागला. थोडं दाबायचं, थोडं फिरवायचं. ग्रॅकलच्या वरच्या चोचीत, टाळूला, खाली उतरलेला एक कडक कंगोरा असतो. त्यानं सालीला गोल चीर पडते. अडकित्त्यात सुपारी फिरवून घ्यायची आणि मग एकदाच दाबायचं, तीच रीत. कट् असा आवाज झाला. दोन शकलं पडली, आतला गर घेऊन तो गेला. आम्ही दोघी बाहेर जाऊन शकलं उचलली. सालीवर बारीक, सरळ, गोल फिरलेली चीर होती, करवतीनं ओढल्यासारखी. बी-बियाणं विमानातून आणता येत नाही, म्हणून ते अर्धं कवच नातीनं तिच्या कंपासपेटीत ठेवलं.

मी बार्शीला येऊन महिना झाला. रानात ज्वारी पेरून झाली आहे, वीतभर वर आली आहे. भावानं यंदा कडेला करडई टाकली आहे, दोनच ओळी. परवा संध्याकाळी गावाबाहेरच्या बाभळींवर भोरड्यांचा पहिला थवा उतरला. काल नातीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन खिडकीला टेकवून ठेवला होता, मागे सगळं अंगण काळं, हलतं. म्हणाली, "आजी, थांब, बोलू नको, मी मोजतेय." एकशे चाळीसला तिचा आकडा चुकला आणि तिनं पुन्हा एकपासून सुरू केलं.